इंचभर झोळ

कुडचड्याला स्टेशनापलीकडे आमची शेड.
पेट्रोलची टाकी आधी उतरवून चिकूखाली ठेवली,
मग सीट, मग चटया, मग गिअरचा दांडा.
मधोमध उरला तो कण्यासारखा उंचवटा.
फोक्सवॅगन, एकोणसाठची,
जुनी पोर्तुगीज नंबरप्लेट अजून डिकीत
लुंगीच्या तुकड्यात गुंडाळलेली.

बाबा म्हणाले, वाजव.
मी पान्याने कणा वाजवत गेले, पुढून मागे.
हँडब्रेकपाशी आवाज भरीव झाला.
"इथं काप."

बाबांना आता नाणं ओळखायला अंगठा लागतो.
साखरेने डोळे नेले, उजवा आधी.
पण ह्या कामाला डोळे हवेत कुणाला,
आत बारमाही अमावास्याच,
असं तेच म्हणतात, तेच हसतात.
मी ग्राइंडर लावते.

तळहाताएवढी खिडकी उघडली
आणि आतून माती आली.
तांबडी, खनिजाची, मूठमूठ.
गाडी मिंगेलबाबांची. खाणीवर सर्वेयर,
घर ते खाण, रोज दोनदा.
खाण बंद पडली, टिपर गंजले,
बार्जी नदीत टेकल्या त्या टेकल्या,
मिंगेलबाबही गेले.
धूळ तेवढी इथं बसून होती
कामावर असल्यासारखी.

मातीखाली नळ्या.
क्लचची, ब्रॅकेटपासून सुटून लोंबणारी.
अॅक्सिलरेटरची, तिची चाळण.
आणि हीटरच्या दोन. गोव्यात हीटर!
त्या मात्र धड,
कुणी कधी ओढल्याच नाहीत.

स्विंडनहून भाच्याचा फोन आला.
"सुलक्षा, आत कोण बघणार आहे?
रंग नीट करा, क्रोम नीट करा,
लग्न डिसेंबरात आहे."
बाबांनी फोन मागून घेतला.
"पात्राव, केबल आंधळी असते.
नळीच्या भरवशावर जाते बापडी."
आणि फोन बंद करायला गेले
तर टॉर्च लागला.
तसाच खिशात टाकला, छातीशी पेटलेला.
मी काही बोलले नाही.

मडगावहून पोलादी नळी आणली,
फणसाच्या ओंडक्यावर वाकवली.
बाबा बोटं फिरवत होते,
कुठं दबली की नुसतं "हूं".
वेल्डिंगला मी मास्क लावला
आणि हे समोरच बसलेले, ठिणग्यांकडे तोंड करून.
म्हटलं, बाजूला व्हा.
म्हणाले, "राहू दे गं.
एवढाच उजेड कळतो अजून."

मग ग्रीस. मग केबल.
ते पुढून सारतात, मी मागे वाकलेली.
आली?
नाही.
आली?
नळीत कुठंतरी खरखर,
उंदीर कूस बदलतो तशी.
आली?
आली.

शेवटची ती बाहेरची लवचिक नळी, गिअरबॉक्सपाशी.
मी ताणून सरळ बसवली, देखणी.
बाबांनी चाचपली, नाक मुरडलं.
"इंचभर झोळ ठेव.
एवढी सरळ ओढलीस तर क्लच थरथरेल."
वॉशर घातला एक. पुरला नाही, दुसरा घातला.
झोळ आला.

खिडकीवर पत्रा ठोकून, घासून, रंगवून
आता काही दिसत नाही.
बिलात लिहिलं: नळ्या, दोन. केबल, दोन.
माती काढली, हे लिहून खोडलं.

संध्याकाळी गाडी जॅकवर असतानाच
बाबा ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसले.
पेट्रोल बाटलीतून, सलाइनसारखी टांगलेली.
क्लच दाबला, सोडला. पहिला. दुसरा.
मागची दोन चाकं हवेत गरगरत,
चिकूची वाळकी पानं उडवत.
"कुठं पोचलो?"
मी दारात उभी, हातांना पिठाचा साबण.
काय सांगायचं ते सुचेना.
तेवढ्यात स्टेशनाकडून शिटी वाजली.
"सावर्ड्याचं फाटक. बंद आहे."

"मग थांबू," म्हणाले,
आणि पाय हळूच खाली नेला.
थरथरलं नाही काहीच.