घोडा, उंट, मेंढी, बोकड

खोंगोरझूल पडली ती झटक्यात नाही.
हे आधी सांगून टाकतो, कारण सगळे तेच विचारतात.
शाळेच्या पायरीवरून पडली, वीतभर उंचीवरून,
मैत्रिणीनं पळवलेल्या टोपीमागे धावताना.
मनगट मोडलं,
खडू मोडावा तसं.

उलानबातरच्या उत्तरेला, टेकडीवर आमचा गेर.
डिसेंबरात इथे सूर्य नसतो असं नाही,
असतो, धुराच्या वर कुठेतरी,
चहात बुडालेल्या नाण्यासारखा.
आणि धूर आमचाच.
नऊ वर्षं मी कोळसा वाहतोय.
रात्री वाटत राहतं,
पोरीच्या वाट्याचं ऊन
मीच गोणीगोणीनं विकलं.

डॉक्टर ओदगेरेलनी फोटो उजेडावर धरला.
हाडांच्या कडा विरलेल्या,
भिजल्या कागदावरच्या शाईसारख्या.
"गोळी झटके थांबवते," त्या म्हणाल्या,
"पण तिच्यामुळे यकृत जरा जास्तच कामसू होतं.
हाडांसाठी ठेवलेलं ड जीवनसत्त्व
हाडांपर्यंत पोचायच्या आत मोडीत काढतं.
त्यात हा हिवाळा.
त्यात अंगावर कपड्यांचे पाच थर.
थेंब देते, रोज द्या. गोळी थांबवू नका."
मी मान हलवली.
ऐकू एवढंच आलं होतं:
गोळीनं हाड मोडलं.

दोन दिवस गोळ्या मी लपवल्या.
चुलीमागे, रिकाम्या काड्यापेटीत,
सकाळच्या दोन, रात्रीच्या दोन.
तिसऱ्या पहाटे तिच्या टाचा
फळीवर वाजायला लागल्या.
मी सेकंद मोजत होतो,
चौदानंतर काय येतं तेच आठवेना.
सगळं शांत झाल्यावर
एरदेनेचिमेग चूल पेटवायला उठली,
आणि नेमकी तीच काड्यापेटी उघडली.

ती काही बोलली नाही.
चार गोळ्या तळहातावर घेऊन
बराच वेळ बघत राहिली,
मग माझ्यासमोर एकेक करून डबीत परत टाकल्या.
तो आवाज अजून आहे गेरमध्ये.

आता गोळीही आणि थेंबही.
थेंब तेलकट, पिवळे, चमच्याच्या टोकावर मावणारे.
छताच्या गोल काचेतून दुपारी
उन्हाचा एक तुकडा भिंतीवर सरकत जातो,
मी पोरीला त्याच्याबरोबर सरकवत होतो,
तर डॉक्टर म्हणाल्या, काचेतून उजेड येतो,
हाडाला हवं ते बाहेरच राहतं.
मे महिन्यात न्या तिला माळावर, बाह्या वर करून.
मे महिना. इथे अजून उणे तीस.

संध्याकाळी ती डाव्या हातानं हाडं टाकते,
मेंढीच्या घोट्यांची, माझ्या आजोबांची,
खेळून खेळून गुळगुळीत झालेली.
घोडा, उंट, मेंढी, बोकड,
जी बाजू वर येईल ती.
"या मेंढ्यांनी थेंब घेतले होते?" ती विचारते.
"नाही. त्या दिवसभर बाहेर असायच्या."
"मग मलापण मेंढी कर."

सलग तिसऱ्यांदा बोकड पडतो.
माझं लक्ष चुलीकडे आहे असं समजून
प्लास्टरच्या टोकानं हळूच
ती बोकडाचा घोडा करते.

मी चुलीकडेच बघत राहतो.