पहिल्या यानाचं कास्टिंग

उद्यमनगरात, डबा खाऊन उरलेल्या बावीस मिनिटांत
मी मंगळावर उतरले,
जॉब कार्डाच्या पाठीवर, तेलकट बॉलपेननं.
पहिलं वाक्य होतं :
कॅप्टन रॉबर्टनं काचेबाहेर पाहिलं.
कोण हा रॉबर्ट, मला माहीत नव्हतं,
आणि त्याच्या हाती मी अख्खं यान दिलेलं.
इथं साधा क्रेनचा रिमोटसुद्धा
नव्या पोराला कुणी देत नाही.

माझं काम मोजायचं.
पंपाची बॉडी येते, गार झालेली,
मी व्हर्नियर लावते, आतून बोट फिरवते,
ब्लो होल लागलं की खडूची फुली.
एकोणीस वर्षं फुल्या मारल्या.
एक्केचाळिसाव्या वर्षी वाटलं,
आपणही काहीतरी ओतून बघावं.

दस्तगीर शिकलगार साचे भरतात.
चहाच्या वेळी त्यांना कार्ड वाचून दाखवलं,
भट्टीच्या आवाजावर आवाज चढवून.
ते मिशीतली वाळू झटकत ऐकत राहिले.
म्हणाले, "झ्याक हाय की.
पर यानात पाणी कुठलं भरलंय?
आन नऊ म्हयने जायला लागत्यात म्हणतीस,
तर भांडी कोण घासतंय?"

रॉबर्टला मी तिथंच खोडला.
त्याच्या जागी आली हौसा चौगुले,
मुक्काम कळंबा, वय एकावन्न, यानातली पाणीवाली.
आल्या आल्या तिनं माझ्याकडून हिशेब मागितला :
माणशी किती लिटर,
घाम कुठं जातो, श्वासातली वाफ कुठं जाते,
आणि मुताचं पाणी गाळून पहिला पेला कोण पिणार?
(तीच प्याली. तिच्याशिवाय कोण पिणार होतं?)

घरी हे म्हणाले, "विज्ञान? तुझं कॉमर्स ना?"
खरं होतं. म्हणून पुतण्याचं अकरावीचं
भौतिकशास्त्र आणलं, कव्हर नसलेलं.
गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात त्यानं समासात
एक पैलवान काढून ठेवला होता,
मांडीवर थाप मारणारा, डोक्यापेक्षा मान जाड.

दिवाळी अंकाकडून गोष्ट परत आली.
कल्पना छान आहे, परंतु
मंगळावर माणसं अशी कोल्हापुरी बोलतील का?
दोन दिवस मी हेच पुटपुटत होते,
स्कूटरवर, गॅसपाशी, फुली मारताना :
मग काय बोलतील? कुणाचं बोलतील?
रिजेक्ट माल फेकत नाहीत, परत वितळवतात,
हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.
पण वितळताना बिडाला लाज वाटत नसावी.
मला वाटली. दस्तगीरचाचांना
आठवडाभर सांगितलंच नाही.

मग एका रात्री, लाइट गेलेली,
मेणबत्तीपाशी तो समासातला पैलवान दिसला
आणि सहज मनात आलं,
मंगळावर ह्याला कुणी धोबीपछाड मारला
तर हा खाली कधी येईल?
सूत्र शोधलं. वर्गमूळ दोनदा चुकलं.
उत्तर आलं : इथल्यापेक्षा
दीडपटीहून थोडा जास्त वेळ.

थोडाच. पण तालमीतल्या मातीला
पाठ लागायच्या आधीचा तो जादा वेळ,
आयुष्यात पहिल्यांदाच मिळालेला.
त्यात त्याला काय आठवेल?
कुणाचं देणं? आईच्या हातचा खुराक?
की आपण हरतोय हे
जिंकणाऱ्याच्या आधी त्याला कळेल,
आणि वरून, उलटं,
पहिल्यांदा नीट दिसेल ते तांबूस आकाश?

कार्ड संपलं. दुसरं घेतलं.
कार्डाच्या पुढच्या बाजूला सोमवारच्या मालाची मापं,
आणि सुपरवायझर ती मागणार आहे.

सकाळी चाचांना एवढंच सांगितलं,
की एक गडी हवेत आहे.
ते साचा ठोकत होते, वर बघितलं नाही.
"पडूं दे की सावकाश," म्हणाले,
"घाई कुणाला हाय?
फक्त खाली माती कुठली टाकलीस,
तेवढं सांग."