गर्दी

कुंभारजुव्याला शूटिंग आलं तेव्हा
काजूच्या फॅक्टरीतलं काम आटपत आलं होतं.
हातांवरचे चिकाचे डाग घेऊन आम्ही सतराजणी
नावं लिहून आलो. दिवसाचे आठशे, वर जेवण.

मिनेझिसांचं बंद घर त्यांनी
एका सकाळीत आणखी जुनं केलं.
होतंच ते जुनं, पण कॅमेऱ्याला पुरत नव्हतं.
पिक्चर हिंदी. विषय, बाईवरचा अन्याय.
माणसं पुरवणारा म्हणाला, नाश्त्याची कुपनं वाटता वाटता.

नवरा तिला अंगणात ओढत आणतो, मारतो.
तुम्ही गाव. वईबाहेर उभं राहायचं.
बोलायचं नाही, हलायचं नाही, फक्त बघायचं.
जमेल ना?

पहिल्याच टेकला जमलं.
साहेब खूश. काय नैसर्गिक उभ्या राहतात ह्या बायका,
पदर कसा तोंडाशी गेला बघा, न सांगता!

थप्पड खोटी होती. आवाज नंतर घालतात म्हणे.
त्या मुलीच्या गालाला हात लागतच नव्हता,
तेरा वेळा लागला नाही.
ती पडायची तिथे एक पोरगा
दर वेळी गादी सरकवायचा, वरून माती पसरायचा.
मी त्या गादीकडेच बघत राहिले.

सुहासिनीला पडायला तुळशीचा कठडा होता.
चवथीचा आदला दिवस, घरोघरी माटोळी बांधायची घाई,
सुपाऱ्यांचे घोस हातात तसेच घेऊन
आम्ही आलो होतो धावत, वईपर्यंत.
ह्या सतरांतल्या बाराजणी तरी.
पदर असाच.
तिला बांबोळीला नेलं. पोलिसांना आम्ही सांगितलं,
पायरीवरून घसरली.
त्या घराला पायऱ्या दोनच.
आवाज कोणी नंतरही घातला नाही.

चौदाव्या टेकला दुर्गीमावशीने वईची काठी बाजूला केली
आणि सरळ आत गेली.
बहिरी म्हातारी, आम्हाला वाटलं चुकली.
तिने त्या मुलीला काखेत हात घालून उठवलं,
केसांतली माती झाडली,
नवरा झालेल्या नटाकडे बघितलंही नाही.

दुर्गीमावशी सुहासिनीची सासू.
त्या दिवशी दार आतून लावलं होतं ते तिनेच.

कट.
साहेब ओरडले नाहीत. जवळ येऊन, समजावून म्हणाले,
"मावशी, तुम्ही गाव आहात.
गाव असं करत नाही."

तिला आंब्याखाली खुर्ची दिली, गार पाणी दिलं.
पंधरावा टेक सोळाजणींत झाला. ओके झाला.
मी ओळीत तिसरी.

आठशे मिळाले. मावशीला चारशे.
घरी येताना ती पुढे चालत होती, एकटी,
हातांची माती तशीच.
पावलं उचलली असती तर गाठता आली असती.

पिक्चर लागला की फोंड्याला जायचं ठरलंय,
रिक्षा करून, सगळ्यांनी.
आपण दिसतो का बघायला.