आधीचे ओरखडे

ऑगस्टात काउंटरवर सगळे एवढंच विचारतात:
एसी चालतो ना, आणि बीच किती लांब.
मी किल्ली देते, नकाशा देते,
कागदावरच्या गाडीवर निळ्या पेनाने फुल्या मारते.
हा ओरखडा आधीचा, हा आधीचा,
दाराखालचा हा पोचाही आधीचाच.
इथे सही.

खिनेस आला सकाळी नवाला,
हातात टोपी, अंगात इस्त्रीचा शर्ट, लग्नाला निघावं तसा.
पत्ता लिहिला: कार्बोनेरास, बंदरामागची गल्ली.
मी म्हटलं, तुम्ही तर इथलेच,
तुम्हाला कशाला भाड्याची गाडी?
म्हणाला, छप्पन्न वर्षं हा किनारा पाण्यातून पाहिला.
नुसती तोंडओळख आहे.
एकदा त्याच्या पाठीमागे जाऊन बघायचंय.

मग गाडीभोवती एक फेरी मारली त्याने
आणि आत येऊन आपले दोन्ही पंजे
काउंटरवर उपडे ठेवले,
दोरांनी कापलेले, गळांनी फाटलेले.
हे पण आधीचे. लिहून घे.

अडलं डिपॉझिटपाशी.
त्याच्याकडे नोटा होत्या, रबरबँड लावलेल्या,
आणि आमच्या मशीनला नोटा कळत नाहीत.
नऊशे युरो.
मी माझं कार्ड ओढलं.
का, ते मलाही नीट सांगता येत नाही.
मागे रांग होती. शर्टाला इस्त्री होती.

सातला गाडी यायची, आठ वाजले.
लेबान्ते सुटला,
टोमॅटोच्या शेतांवरचं प्लॅस्टिक मैलभर फडफडू लागलं.
ड्रिसने गाड्या धुवायचा पाइप गुंडाळला,
माझ्याकडे पाहिलं, बोलला नाही काही.
नऊशे युरो म्हणजे माझ्या खोलीचं दोन महिन्यांचं भाडं.

साडेनऊला आला.
वायपर चालू. आभाळात ढगाचा पत्ता नाही.
हे थांबतच नाही सकाळपासून, म्हणाला,
आणि उतरता उतरता सांगायला लागला:

पाण्यातून एक पांढरा ठिपका दिसतो,
काबो दे गाताच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत.
आम्ही त्याला दात म्हणतो.
दात आणि दीपगृह एका रेषेत आले
की खाली खडक. जाळं टाकायचं नाही.
बापाने दाखवला मला, बापाला त्याच्या बापाने.
मला वाटायचं, दगड असेल.

दगड नाही गं.
शेळ्यांच्या गोठ्याची मागची भिंत.
कासिल्दा नावाची बाई आहे, ती दर जूनमध्ये चुना लावते.
शेळ्या विकून अकरा वर्षं झाली.
आई लावायची, म्हणून लावते,
आणि लावते ती समुद्राकडची बाजू,
जी तिच्या दारातून दिसतसुद्धा नाही.

सांगितलंत तिला?
सांगितलं.
मग?
मग काय. गप्प राहिली बराच वेळ.
आत गेली, ताटलीत अंजिरं घेऊन आली.
म्हणाली, गुडघ्यांमुळे यंदा राहूनच गेलंय,
खालचा पट्टा तेवढा झाला.
मी विचारलं, ब्रश कुठाय.

टाकी भरून आणली होती त्याने, काठोकाठ.
नव्वद किलोमीटर.
ड्रायव्हरच्या सीटवर मात्र
चुन्याचा अख्खा माणूस बसला होता,
पाठ, खांदे, एक कोपर.
मी फॉर्म काढला, पेन उघडलं.
आमच्या कागदावर गाडी फक्त बाहेरून काढलेली.
आत फुली मारायला जागाच नाही.

ड्रिसने व्हिनेगरने घासलं, दोनदा.
खांदे गेले. पाठीचा थोडा भाग उरला,
उन्हात नीट पाहिलं तर दिसतो.

काल एका जर्मन बाईने त्यावर बोट ठेवलं.
हे काय?
आधीचं आहे, मी म्हटलं,
लिहून घेतलंय.