फलाट बी बावीस

खुर्चीत बसता बसताच म्हणाले,
"हळू ढकल, बाबा. मला बघू दे कारभार."
पासपोर्टावर नाव रंगराव थोरवत.
पासपोर्टावर नसलेलं त्यांनीच सांगितलं:
निवृत्त वाहतूक नियंत्रक, कराड आगार,
एकतीस वर्षं, त्यातली नऊ रात्रपाळी.
चालले होते लेकीकडे, मँचेस्टरला.
मध्ये दुबईत साडेचार तास.

मी अल्ताफ सरखोत, मुक्काम पोस्ट दाभोळ.
अकरा वर्षं इथं माणसं ढकलतो.
लाहोरचे, नैरोबीचे, लिस्बनचे गुडघे
रोज माझ्या हाताखालून जातात;
कराडचे पहिल्यांदाच.

सोन्याच्या दुकानावरून गेलो, त्यांनी मान वळवली नाही.
अत्तरवाल्या पोरीनं मनगटावर फवारा मारला,
ते मनगट त्यांनी सदऱ्याला पुसलं.
नजर वर, पाट्यांवर.
"दर चार मिनिटाला एक सुटते म्हणजे
गणपतीतला आमचा स्टँड.
फक्त इथं कुणी खिडकीतून रुमाल टाकत नाही."

मग एकदम हात वर करून मला थांबवलं.
कान दिला,
मेकॅनिक इंजिनाला देतो तसा.
"आवाज कुठाय?"
म्हटलं, इथं पुकारत नाहीत, काका. शांत विमानतळ आहे.
लोकांना झोपता यावं, खरेदी करता यावी.
ज्यानं त्यानं पाटीवर वाचायचं.
"आणि ज्याला वाचता येत नाही, त्यानं?"
मी खुर्चीचा ब्रेक तपासला.

वाटेत काचेच्या पेटीत नवा विमानतळ ठेवलाय,
पुढं वाळवंटात होणार तो.
पांढरा, साबणातून कोरल्यासारखा.
पाच धावपट्ट्या, चारशे फलाट,
नखाएवढी विमानं, तांदळाएवढी माणसं.
म्हटलं, हा झाला की अर्धं जग इथूनच जाणार.
तेव्हा खुर्च्याही आपल्या आपण चालतील, म्हणतात.

ते वाकले. चष्मा काचेला टेकला.
ओठ हलवत बोटानं मोजत गेले,
दिवाळीच्या जादा गाड्या लावायच्या असल्यासारखे.
"आत-बाहेरची वाट वेगळी ठेवलीय.
कुणीतरी शहाणा माणूस आहे.
पण कंट्रोलरची केबिन दाखव मला."
मी शोधली. खरंच शोधली.

बी बावीसला पोचलो तेव्हा समोरच्या रांगेत
एक बाई बसलेली.
पायाशी दोरीनं आवळलेलं ब्लँकेट,
हातातला पास उलटा.
पाटीवर हैदराबाद लुकलुकलं
आणि बी बावीसवरून बी सत्तावीसवर सरकलं.
लोक उठले, चाकांच्या बॅगा घरंगळत गेल्या.
ती बसून राहिली, रिकाम्या होत जाणाऱ्या रांगा बघत.

थोरवतांनी घसा साफ केला.
खिशातला रुमाल काढून तोंडापुढं मुठीत धरला;
स्टँडच्या माईकलाही गुंडाळलेला असायचा, अगदी तसाच.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे.
हैदराबादला जाणारे विमान
फलाट क्रमांक बी सत्तावीसवर लागलेले आहे.
हैदराबाद. हैदराबाद. हैदराबाद."

असा आवाज तिथं मी अकरा वर्षांत ऐकला नव्हता.
घोगरा, शेवटचं अक्षर ताणणारा,
स्वतः घाई न करता
उशीर झालाय एवढं कळवणारा.
झोपलेला एक गोरा उठून बसला.
कॉफीवाल्या पोराचं दूध ओतायचं थांबलं.
आणि बाई उठली.
मराठी तिला कळली नसेल,
गावाचं नाव कळलं.
मी ब्लँकेट उचललं
आणि तिच्यासोबत सत्तावीसपर्यंत पळालो,
प्रवासी खुर्चीत तसाच सोडून, नियमाविरुद्ध.

परत आलो तर सुपरवायझर मारिव्हिक उभी.
"कोण ओरडलं?"
ओरडलं नाही, पुकारलं.
या दोन शब्दांतला फरक
मला तिच्या इंग्रजीत सांगता येईना.
थोरवत रुमालाची घडी घालत होते,
चारही कोपरे जुळवून,
आणि मला विचारत होते,
मँचेस्टर वेळेवर आहे ना.