शिशाची अळंबी

सहा कॅन मी भरले पंपाखाली,
दुधाचे, गॅलनभराचे, शाळेच्या स्वयंपाकघरातून
महिनाभर मागून आणलेले.
प्रत्येकावर अजून तारीख : या दिवसाच्या आत प्यावे.
ओरिनने ते फळीवर एकामागे एक उभे केले,
पंच्याहत्तर पावलं मोजली,
मध्येच शिंकला, म्हणून पुन्हा मोजली.

जानेवारीत आमच्या ओहायोच्या टेकड्यांत
चार दिवस ठासणीच्या बंदुकीचे.
एक बार, की सगळं पहिल्यापासून :
दारू मोजा, ओता, गोळी बसवा, गजाने ठासा,
टोपी चढवा. तोवर हरिण
शेजारच्या कौंटीत.
म्हणून गोळी एकच, आणि ती शहाणी हवी.

मागच्या वर्षीची नव्हती.
धूर विरेपर्यंत मादी दिसेनाशी,
बर्फावर रक्ताचे तीन थेंब,
मग नुसतं बर्फ.
तीन दिवस शोधत होता. ड्वेन पफेनबर्गरचं कुत्रं आणलं,
ते ओढ्याच्या काठाशी बसलं ते बसलंच.
त्या हिवाळ्यात आमच्या फ्रीजरमध्ये मटार होते.
मटारच होते.

आज आधी तीच गोळी, डब्यात उरलेल्यांतली.
बार झाला. पहिला कॅन शिवणीवर उसवला,
बाकीचे पाच उभेच,
भोकाभोकातून बारीक धारा सोडत,
काही झालंच नाही अशा चेहऱ्याने.
गोळी मागच्या मातीत हातभर आत गेलेली.
ओरिनने ती खुरप्याने उकरली, पँटला पुसली :
चकचकीत. टोकसुद्धा बोथट नाही.
‘जशी गेली तशी आली,’ तो म्हणाला,
आणि बराच वेळ काही म्हणाला नाही.

मी आणखी सहा भरले. बोटं बधिर.

दुसरी गोळी मऊ शिशाची,
ड्वेनच्या जुन्या न्हाणीघराचा पाइप वितळवून
गॅरेजमध्ये ओतलेली.
या वेळी पहिला कॅन नव्हताच,
त्याचं झाकण नंतर कुंपणापाशी सापडलं.
दुसरा फाटला, तिसरा कलंडला,
चौथ्याच्या तळाशी काहीतरी खुळखुळलं.
त्याने ते माझ्या तळहातावर ठेवलं :
पसरलेली टोपी, दुमडलेली कड,
खाली आखूड, जाड देठ.
‘अळंबी,’ मी म्हणाले.
‘अळंबीच,’ तो हसला, आणि तराजू आणायला गेला.
चार ग्रेन पाण्यात राहिले होते, बाकी सगळी होती.

अळंबी शोधायलाच गेले होते मी एप्रिलमध्ये,
ओढ्यापलीकडे, वाळलेल्या एल्मांखाली.
तिथे ती होती, म्हणजे तिची हाडं,
त्याच्या मचाणापासून दोनशे पावलांवर,
कुत्रं ज्या काठावर थांबलं त्याच्या समोरच्या.
एका फासळीला भोक,
कोटाच्या काजाएवढं, नीटनेटकं.
मी वर पानं लोटली.
घरी येऊन अळंबी लोण्यात परतली,
त्याने दोनदा वाढून घेतली, विचारलं, कुठे मिळाली?
नेहमीच्याच जागी, मी म्हणाले.

आता तो ओल्या फळीवर बसलाय,
शिशाचं ते फूल चिमटीत फिरवत.
‘पण पाण्याला,’ तो म्हणतो, ‘फासळ्या नसतात.’

‘मग पहिल्या कॅनपुढे लाकडाची पट्टी लाव.’
‘किती जाड?’
मी दोन बोटांत अंतर धरून दाखवलं.
एवढी.
दाखवल्यावर कळलं, किती नेमकं दाखवलं.

तो माझ्या बोटांकडे बघत राहिला.
पलीकडे फुटक्या कॅनांतून
पाणी अजून ठिबकत होतं, ठिबकता ठिबकता गोठत होतं.
मग तो उठला, गुडघे चोळले,
आणि पट्टी शोधायला शेडमध्ये गेला.
मी कॅन घेऊन पंपाकडे.