डावा कान

तीन हाका मारल्या म्हणे तोरब्यॉर्नने.
माझ्या दोन्ही कानांत तेव्हा आई होती,
तिचा शेवटला निरोप, फोनमध्ये राहिलेला:
जेवलीस का, इंगुन?

ट्रॉनहाइमच्या रानातली ती डांबरी वाट.
चाकांच्या स्कीवरचा सत्तरीचा गडी
मला चुकवायला गेला
तो थेट ब्लूबेरीच्या झुडपांत.
गुडघा फुटलेला, दाढी जांभळी.
"पिकलीयत," एवढंच म्हणाला.
मी माफी मागितली
हेडफोन न काढताच,
म्हणून जरा ओरडूनच.

आता डावा कान उघडा ठेवते.
आई उजवीकडे बोलते.
डावीकडे खडी, कुणाचं तरी कुत्रं,
माझीच धाप,
आणि लांबून, मागून
त्याच्या काठ्यांची टकटक.

मागे न बघता कडेला सरते,
हात वर करते.

जेवलीस का, विचारते आई.